मळ्यातल्या भाजीची ओळख

"फादर, आमच्याकडे पालेभाजी कुणी तोंडाला लावीत नाही."

घरभेटीच्या वेळी हे वाक्य आम्ही इतक्या घरी ऐकले आहे की, आता यजमानीण बोलू लागताच पुढचे शब्द आम्हांस ठाऊक असतात. ती हे किंचित ओशाळून सांगते; पण त्या ओशाळेपणात थोडासा अभिमानही मिसळलेला असतो. पालेभाजी न खाणे ही जणू घराची भरभराट झाल्याची खूण! आणि नवलाची गोष्ट अशी की, ज्या घरात हे वाक्य उच्चारले जाते त्याच घराच्या मागल्या दारी अंबाडी, शेपू, माठ डोलत असतो. त्यातला काही भाग बाजारात जातो, काही गुरांपुढे पडतो, आणि घरातली मुले मात्र बटाट्याच्या भाजीवाचून जेवत नाहीत.

या विषयावर आज वाचकांशी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. परंतु दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी स्वतःचा अपराध कबूल करणे ही आपल्या धर्माची रीत आहे. म्हणून आरंभ आमच्याच अपराधापासून करतो.

कलघटगी हे हुबळीहून यल्लापूर-कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हुबळीपासून सुमारे ३० किलोमीटरांवर वसलेले तालुक्याचे गाव. पूर्वेस काळ्या मातीचे सपाट रान, पश्चिमेस यल्लापूरकडचे दाट अरण्य, आणि या दोहोंच्या सांध्यावर हे गाव. धारवाडजवळ सोमेश्वर येथे उगम पावणारी शाल्मला आणि हुबळीकडून येणारी बेडती या नद्या कलघटगीजवळ एकत्र होतात, आणि पुढे गंगावळी हे नाव धारण करून तो प्रवाह अरबी समुद्रास मिळतो. रंगीत लाकडी पाळण्यांसाठी या गावाची ख्याती आहे, हे पुष्कळांस विदित असेल. भाज्यांच्या बाबतीतही येथे दोन प्रांतांची भेट होते. सपाटीवरची वांगी, मेथी, अंबाडी आणि मिरची एका बाजूने येते, तर मलनाडातला अळू आणि बांबूचे कोवळे कोंब दुसऱ्या बाजूने येतात. बाजाराची भाषा कानडी, काही घरांतली मराठी, काही घरांतली कोंकणी. अशा ठिकाणी भाजीची पाटी म्हणजे एक लहानसे विद्यापीठच आहे.

परंतु आम्ही त्या विद्यापीठात दाखल झालो नव्हतो. आमचे बालपण समुद्रकाठी गेले. तेथे ताटात मासळी ही मुख्य आणि भाजी केवळ नावाला. पुढे सेमिनरीच्या भोजनगृहात वर्षाचे बारा महिने बटाटा, कोबी व लाल भोपळा या त्रिकुटाचे राज्य होते. तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांत आम्ही उत्तीर्ण झालो, पण शेपू आणि बडीशेप यांच्या रोपांतला भेद आम्हांस कुणी विचारला असता, तर आम्ही खचित नापास झालो असतो.

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वृद्ध विधवा पाद्रीघराच्या पायरीशी आली. दोन एकरांच्या तुकड्यावर राबणारी ही बाई. पदराआडून तिने हिरव्या पाल्याची एक मोठी जुडी काढली, आमच्या हाती दिली, आणि "फादर, घरचं हाय," एवढेच म्हणून ती निघून गेली. आम्ही जुडी स्वयंपाक्याच्या स्वाधीन केली. तो परप्रांतीय, त्याने ती उलटसुलट पाहिली, एक पान दाताखाली धरले, तोंड वाकडे केले आणि जुडी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पाला कोमेजला. तेव्हा त्याने तो मागल्या अंगणात शेजाऱ्यांच्या गाईपुढे टाकला. नेमकी त्याच वेळी ती आजी नातवाच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागण्यासाठी आली होती. गाईच्या तोंडातला पाला तिने पाहिला. ती काही बोलली नाही. दाखला घेतला, हात जोडले आणि गेली.

त्या दिवशी आमचे जेवणात लक्ष लागले नाही. रविवारी वेदीवर आम्ही भाकर व द्राक्षारस हाती घेतो, आणि भूमीचे व मानवी श्रमांचे फळ म्हणून ते देवास अर्पण करतो. त्याच भूमीचे व त्याच श्रमांचे फळ तासाभराने आमच्या दारी आले, तर त्याची गत ही! ५ जून २०१३ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी सार्वजनिक भेटीत सांगितले होते की, टाकून दिलेले अन्न हे गरिबाच्या ताटातून चोरल्यासारखे आहे. ते वचन आम्ही प्रवचनांतून कितीदा सांगितले असेल! आता ते आमच्याच पुढे उभे राहिले.

आठवडा संपण्यापूर्वी आम्ही त्या आजीच्या शेतावर गेलो आणि क्षमा मागितली. ती हसली आणि म्हणाली, "तुमची वळख न्हवती फादर, दुसरं काय! आता करून घ्या वळख."

हा लेख म्हणजे त्या ओळखीचीच हकीकत आहे.

नावांचा घोटाळा

ती जुडी अंबाडीची होती. कानडीत तिला पुंडी म्हणतात, आणि सीमेवरच्या मराठी घरांतही पुष्कळदा तेच नाव चालते. पाने आंबट; देठाच्या सालीपासून वाख निघतो आणि त्याचे दोर वळतात. ज्या रोपाची पाने माणसाचे पोट भरतात, त्याच्याच दोराने दावणीचा बैल बांधला जातो.

नावे शिकताना आमची फजिती पुष्कळ झाली. एकदा बाजारात आम्ही चवळी मागितली, तर पिशवीत गवारीच्या शेंगा पडल्या. इकडच्या कानडीत गवारीलाच चवळीकाई म्हणतात, हे तोवर आम्हांस ठाऊक नव्हते! दोडका म्हणजे हीरेकाई, वांगे म्हणजे बदनीकाई, शेपू म्हणजे सब्बसगी. ज्या भाजीला मराठी घरात लाल माठ म्हणतात तिला गोव्याकडच्या कुटुंबांत तांबडी भाजी म्हणतात. 'काई' म्हणजे कच्चे फळ, 'तप्पल' म्हणजे पाला, 'पल्या' म्हणजे शिजलेली भाजी, आणि 'जवारी' म्हणजे गावरान, ही चार सूत्रे पाठ केली की, बाजारात निम्मा मार्ग मोकळा होतो.

परकी वाटणारी भाजी कायमची परकी राहत नाही, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी. बटाटा आणि कोबी ही नावेच मुळी पोर्तुगीज भाषेतून मराठीत आली आहेत. बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही पिके अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती आपल्याकडे रुजली. ज्या ब्याडगी मिरचीला तिच्या गडद लाल रंगासाठी व सौम्य तिखटपणासाठी २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे पूर्वजही समुद्र ओलांडूनच आले होते. कोण्या एका गृहिणीने प्रथम त्या अनोळखी लाल शेंगेची ओळख करून घेतली असेल, म्हणून आज ती आपल्या चटणीत आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माउलीने परकीला आपलेसे केले, आणि आपण मात्र घरच्या पुंडीला परके करू लागलो आहोत!

चुलीजवळचे धडे

आजीचा पहिला धडा असा की, भाजी शिजविण्यापूर्वी ती कच्ची चाखून पाहावी. पान किती आंबट, किती कडू, किती जून, हे जिभेला आधी कळले म्हणजे तिखट-मीठ किती घालावे हे कुणी सांगावे लागत नाही.

पुंडीची रीत अशी. कोवळी पाने खुडून घ्यावीत व जाड देठ टाकावेत. पाने दोनतीन पाण्यांतून धुवून मग चिरावीत; चिरल्यावर धुतल्यास सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. मूठभर तूरडाळ व मूठभर ज्वारीच्या कण्या एकत्र मऊ शिजवाव्यात. पाला निराळा उकडावा, आणि फार आंबट असल्यास त्याचे पाणी काढून टाकावे. मग सारे एकत्र करून, वाटलेली हिरवी मिरची व मीठ घालून डावाने चांगले घोटावे आणि मंद आचेवर रटरटू द्यावे. शेवटी तेलात लसणीच्या भरपूर पाकळ्या तांबूस करून ती फोडणी वरून ओतावी. सोबत ज्वारीची गरम भाकरी व कच्चा कांदा असला म्हणजे दुसरे काही नको. एक सूचना मात्र विसरू नये. आंबट भाजी कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात कदापि शिजवू नये. आंबटपणाने धातू अन्नात उतरतो. मातीचे किंवा स्टीलचे भांडे उत्तम.

वांग्यांचा धडा याहून रुचकर. जवारी वांगी लहान, गोल आणि देठाला काटे असलेली. देठ न काढता त्यांना चार चिरा द्याव्यात आणि लगेच मिठाच्या पाण्यात सोडावे, म्हणजे ती काळी पडत नाहीत. भाजलेले शेंगदाणे, तीळ, कारळे व सुके खोबरे कुटून, त्यात तिखट, मीठ, थोडी चिंच व गूळ मिसळून हा मसाला आत भरावा, आणि सढळ हाताने तेल घालून झाकणावर पाणी ठेवून वांगी वाफेवर शिजवावीत. इकडे यासच एण्णेगाई म्हणतात. आमच्या स्वयंपाक्याने हा पदार्थ प्रथम केला त्या रात्री पातेल्यात दुसऱ्या दिवसासाठी काही उरले नाही.

शेपूच्या उग्र वासाने मुले नाक मुरडतात. तिच्यात भिजविलेली मूगडाळ व लसूण घालावी, आणि आरंभी निम्मी मेथी मिसळावी. जिभेस सवय झाली की मेथी कमी करीत जावे. शेतात आपोआप उगवणारी पाथरी, जिला कानडीत हक्करकी म्हणतात, ती शिजवावीच लागत नाही. धुतलेली पाने भाकरीवर ठेवून, शेंगदाण्याची चटणी व चार थेंब तेल घेऊन कच्चीच खावी. अळू मात्र कच्चा खाऊ नये. त्यातील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांनी घसा खाजतो. चिंच वा आमसूल घालून तो पुरता शिजविला म्हणजे त्रास होत नाही. दोडक्याच्या शिरा टाकून न देता तव्यावर तेलात परतून तीळ-मिरचीबरोबर कुटल्या तर उत्तम चटणी होते. पण दोडका, दुधी किंवा काकडी कापल्यावर तिचा कण चाखून पाहावा, आणि तो कडू लागल्यास ते फळ निःशंकपणे फेकून द्यावे. हा कडूपणा विषारी असून शिजविल्याने जात नाही. काटकसरीलाही मर्यादा असते.

हा सारा खटाटोप केवळ जिभेसाठी नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लाली कमी असल्याचे आढळले. शंभरांतल्या सत्तावन्न! मिस्सेच्या वेळी स्त्रियांच्या बाजूच्या बाकांकडे पाहताना हा आकडा आमच्या मनात येतो. रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पालेभाजी हे रक्तक्षयावरचे संपूर्ण औषध नव्हे. अशक्त भगिनींनी डॉक्टरांना अवश्य भेटावे. परंतु पालेभाजीत लोह आहे, आणि जेवताना लिंबू पिळल्यास ते अंगी अधिक लागते. रक्तवाढीच्या गोळ्यांबरोबर मागल्या दारची भाजीही ताटात असू द्यावी. आणि घरातल्या स्त्रीनेही ती खावी. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत आता पुरे.

धन्यास कण्या

शेतावर फिरताना आम्हांस आणखी एक गोष्ट दिसली आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. काही शेतकरी घरच्यासाठी चार सऱ्या निराळ्या राखतात, त्यांवर औषध मारीत नाहीत. आणि बाजारच्या सऱ्यांवर मात्र आदल्या सायंकाळी फवारून दुसऱ्या सकाळी भाजी तोडतात. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस थांबावे हे लिहिलेले असते. कर्ज डोक्यावर असताना आणि भाव कोसळत असताना थांबणे किती कठीण, हे आम्ही जाणतो. तरीही जे आपल्या लेकराच्या ताटात आपण वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकरासाठी विकणे हे शेजारप्रीतीच्या आज्ञेत बसत नाही.

पण आज्ञा एकट्या शेतकऱ्यासाठी नाही. पहाटेची बस धरून बाजारात आलेल्या बाईशी जुडीमागे दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे हातही रविवारी प्रार्थनेसाठी जोडले जातात. किडीने एक भोक पाडलेले पान पाहून जो ग्राहक जुडी परत फेकतो, तोच शेतकऱ्याच्या हाती फवारणीचा पंप देत असतो. भोक असलेले पान खुडून टाकता येते. औषध मात्र पोटात जाते.

बियाणे हा याच गोष्टीचा दुसरा भाग. संकरित बियाण्याचे पीक भरघोस येते हे खरे. परंतु त्या पिकाचे बी धरून पुढल्या वर्षी पेरले तर मूळचे गुण टिकत नाहीत आणि दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. जवारी वाणाचे बी मात्र राखेत घोळून मडक्यात ठेवले की पुढल्या पावसाळ्यात पुन्हा तसेच उगवते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासारख्या कितीतरी भाज्यांचे गावरान वाण असेच जतन केले. शाळेचे शिक्षण नसलेल्या या बाईंचा भारत सरकारने २०२० सालच्या पद्मश्री किताबाने गौरव केला. आमच्या शेजारच्या सिरसी भागातही 'वनस्त्री' या नावाने स्त्रियांनी एकत्र येऊन परसबागेतले बियाणे राखण्याचे काम चालविले आहे. आमच्या आजीच्या घरी तुळईला टांगलेले वाळके दोडके आणि कणसे पाहिली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ही बाई गेली आणि सुनेने ती दोडकी केर म्हणून काढून टाकली, तर एक वाण त्या घरातून कायमचा जाईल. सून वाईट नाही. तिला कुणी सांगितलेले नाही, इतकेच.

पवित्र शास्त्रातले इस्राएल लोक वाळवंटात असताना मिसर देशातल्या काकड्या, खरबुजे, कांदे व लसूण आठवून रडले. लहानपणी हा वृत्तान्त वाचताना आम्हांस त्यांचे हसू येई. आता येत नाही. भाजीची आठवण ही घराची आठवण असते. आपली मुले उद्या मुंबईस, पुण्यास वा आखाती देशात जातील, तेव्हा त्यांना आठवण्यासाठी काही चव आपण त्यांच्या जिभेवर ठेवणार आहोत की नाही?

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यांत जेवणात दोन शिजवलेले पदार्थ पुरे मानले. परंतु फळे किंवा ताजी भाजी मिळत असल्यास तिसरा पदार्थ वाढण्यास मोकळीक दिली. काटेकोर संन्याशालाही ताज्या भाजीपुढे नियम सैल करावासा वाटला, ही गोष्ट आम्हांस फार आवडते.

आता एक विनंती. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेच्या जन्माचा सण. मंगळूरकडच्या कोंकणी कुटुंबांत यास मोंती फेस्त म्हणतात. त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो आणि दुपारच्या जेवणात मांस-मासळी न करता भाज्याच शिजवतात. त्यांची संख्या तीन, पाच, सात, नऊ अशी विषम असते. यंदा आमच्या धर्मग्रामात लोंब्यांबरोबर भाज्यांनाही वेदीपुढे आणावे, असे आम्ही ठरविले आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या शेतातली वा परसातली एक भाजी आणावी. ज्यांना जमीन नाही त्यांनी कुंडीतली कोथिंबीर आणावी. भाजी मुलाच्या हाती द्यावी, आणि तिचे मराठी, कानडी व कोंकणी नाव मुलाकडून पाठ करून घ्यावे. दारात आम्ही ते विचारणार आहोत. ज्या घरी जवारी बी असेल त्यांनी चिमूटभर कागदात बांधून आणावे. मिस्सेनंतर ते मागेल त्यास वाटले जाईल. जेवण सर्वांचे एकत्र, पाद्रीघराच्या अंगणात.

पुंडी शिजविण्याचे काम आमच्या स्वयंपाक्याने स्वतः मागून घेतले आहे. आजीने त्यास अनुमती दिली आहे, मात्र फोडणी ती स्वतः घालणार आहे. लसूण तो कमी घालतो, अशी तिची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.